गोष्ट मर्जिनाची, नाव अलिबाबाचं

(नेहमीप्रमाणे हे या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' तेवढे काढलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. लोकलमध्ये इयरफोन विसरलेल्यांसाठी.)



आजच्या भागाचं श्रेय माझ्या सात वर्षांच्या पुतणीला. गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. रात्री लाइट गेली, मोबाइलची बॅटरी लाल झालेली, आणि ही माझ्या उशाशी येऊन बसली. "काका, गोष्ट सांग." दिवसभर कोड लिहिणाऱ्या माणसाला ऐनवेळी किती गोष्टी आठवणार? एकच आठवली. अलिबाबा आणि चाळीस चोर.

सांगितली. तिळा तिळा दार उघड, सोन्याच्या मोहरा, तेलाचे बुधले, नाच, खंजीर, सगळं. ती एकदम गप्प. मला वाटलं झोपली. तेवढ्यात अंधारातून प्रश्न आला: "पण काका, सगळं तर मर्जिनानं केलं. मग गोष्ट अलिबाबाची कशी?"

मी म्हटलं, "झोप आता."

प्रामाणिकपणे सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्याला परत आल्यावर शोधायला लागलो, आणि उत्तर सापडलं ते तीनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमध्ये, एका म्हाताऱ्या विद्वानाच्या डायरीत. गंमत म्हणजे पुतणीचा प्रश्न बरोबर होता. ही गोष्ट पहिल्यांदा कागदावर उतरली तेव्हा ती मर्जिनाचीच होती. तिच्याच नावाने होती.

आधी गोष्ट नीट आठवूया

लहानपणी ऐकलेली गोष्ट आपण अर्धी विसरलेलो असतो. आपल्याला गुहा आठवते, पासवर्ड आठवतो. पण पासवर्डचा भाग म्हणजे नुसती प्रस्तावना आहे.

अलिबाबा हा गरीब लाकूडतोड्या. झाडावर लपून बसलेला असताना त्याला चोरांचा परवलीचा शब्द ऐकू येतो. म्हणजे त्याने काय केलं? ऐकलं. बस. त्याचा श्रीमंत भाऊ कासिम हावरटपणे गुहेत शिरतो, आणि बाहेर पडताना तीळ हा शब्दच विसरतो. जव म्हणतो, बाकीची धान्यं आठवून बघतो, दार काही उघडत नाही. चोर येतात, त्याला मारतात आणि शरीराचे चार तुकडे करून गुहेत टांगतात.

अलिबाबा ते तुकडे गाढवावर घालून घरी आणतो. आणि इथून पुढे गोष्टीची सूत्रं त्याच्या हातात उरत नाहीत. ती जातात कासिमच्या घरातल्या गुलाम मुलीकडे. मर्जिना.

तिच्यापुढचा पहिला प्रश्न बघा. चार तुकडे झालेल्या माणसाचा 'नैसर्गिक मृत्यू' कसा दाखवायचा? ती औषधवाल्याकडे जाते, गंभीर आजारावरच्या गोळ्या मागते, मालक आजारी आहेत म्हणते. दुसऱ्या दिवशी रडत रडत पुन्हा जाते, आणखी जालीम औषध मागते. सगळ्या आळीला कळतं की कासिम काही खरा नाही. मग मुस्तफा नावाच्या म्हाताऱ्या चांभाराला पैसे देऊन, डोळ्यांवर पट्टी बांधून घरी आणते आणि प्रेत शिवून घेते. अंत्यविधी होतो. कोणाला शंका येत नाही. आधी पुरावा तयार करायचा आणि घटना नंतर जाहीर करायची, हा क्रम तिला कोणी शिकवला होता?

आता चोरांचा सरदार. गुहेतलं प्रेत गायब झालंय, म्हणजे आपलं गुपित आणखी कोणाला तरी माहीत आहे, हे त्याला कळतं. तो एका चोराला शहरात पाठवतो. चोर नेमका त्या चांभारापर्यंत पोहोचतो. चांभार म्हणतो, पट्टी बांध माझ्या डोळ्यांवर, चालत चालत आठवेल. आणि खरंच आठवतं! चोर दारावर पांढऱ्या खडूने खूण करून जातो.

इथे थांबा. तुम्ही मर्जिनाच्या जागी असता तर काय केलं असतं? मी तर खूण पुसली असती. आपल्यापैकी बहुतेकांनी पुसलीच असती.

मर्जिना पुसत नाही. ती तसाच खडू घेते आणि आजूबाजूच्या घरांवर हुबेहूब तीच खूण काढते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि मला हे वाचून अक्षरशः टाळी वाजवावीशी वाटली. खूण पुसली तर शत्रूला कळतं की कोणीतरी सावध आहे. तो पुन्हा येणार, दुसरी खूण करणार. पण खूण सगळीकडे केली तर माहिती तिथेच राहते आणि तिची किंमत शून्य होते. आजही सिस्टिम सुरक्षित ठेवताना खऱ्याच्या आजूबाजूला खोटे नमुने पेरून ठेवणं ही एक ओळखीची पद्धत आहे. दुसरा चोर लाल खूण करून जातो, ती पुन्हा तेच करते. आणि हे सगळं मालकाला न सांगता.

या दोन्ही चोरांचं पुढे काय होतं? काम फसलं म्हणून त्यांना ठार मारलं जातं. हा सरदार कसला मालक आहे ते इथे कळतं. त्याच्याकडे चुकीला एकच शिक्षा आहे.

मग सरदार स्वतः येतो, घर डोळ्यांत साठवून घेतो, आणि तेलाचा व्यापारी बनून मुक्कामाला येतो. एकोणीस खेचरं, अडतीस बुधले. आता हिशेब करा. सरदार धरून चोर चाळीस. दोन मारले गेले, उरले अडतीस. त्यातला एक सरदार स्वतः. म्हणजे बुधल्यांत बसणारे सदतीस, आणि अडतिसाव्या बुधल्यात खरंखुरं तेल. गोष्ट सांगणाऱ्याचा हिशेब एकाचाही चुकलेला नाही. मी तीनदा तपासला, सवय आहे.

रात्री मर्जिनाच्या दिव्यातलं तेल संपतं. घरातलंही संपलेलं. ती अंगणातल्या बुधल्यांकडे जाते, तर आतून आवाज येतो: वेळ झाली का?

ती ओरडत नाही, पळत नाही. सरदाराच्या वतीने उत्तर देते: अजून नाही, थोड्या वेळात. एकेका बुधल्यापाशी जाऊन हेच उत्तर देते आणि मोजते. शेवटच्या बुधल्यातलं तेल काढून उकळवते आणि एकेका बुधल्यात ओतते. सदतीस माणसं. मुलांना सांगताना आपण हा भाग घाईघाईने उरकतो, पण तो भयंकर आहे, आणि भयंकरच आहे हे मान्य करूया. सरदार खिडकीतून खडे टाकून इशारा देतो, कोणी उठत नाही. खाली येऊन बघतो, आणि भिंतीवरून उड्या टाकून पळतो.

अलिबाबा या वेळी काय करत असतो? झोपलेला असतो. सकाळी स्नानाला हमामखान्यात जाऊन आल्यावर त्याला बातमी कळते.

शेवटचा डाव मिठाचा. काही काळाने सरदार वेष बदलून अलिबाबाच्या मुलाशी मैत्री करतो आणि घरी जेवायला येतो. त्याची एकच अट, माझ्या जेवणात मीठ नको. अलिबाबाला यात काहीच वावगं वाटत नाही. मर्जिनाला वाटतं. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, हे आपल्यालाही वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ज्याला या घरच्या मिठाला जागायचं नाहीये, तो इथे कशासाठी आलाय? ती त्याला निरखून बघते, ओळखते, नर्तकीचा वेष करून हातात खंजीर घेऊन नाचते, आणि बक्षिसी द्यायला तो पैशांची थैली काढत असताना खंजीर खुपसते.

अलिबाबाची पहिली प्रतिक्रिया काय? अगं, हे काय केलंस, आमचं वाटोळं केलंस! तिला तेव्हाही समजावून सांगावं लागतं.

तर पुतणीचा मुद्दा असा. मान्य आहे ना?

एका डायरीतलं पान

आता जाऊया पॅरिसला.

आंत्वान गालां नावाचा फ्रेंच विद्वान होता. अरबी, तुर्की, फारसी जाणणारा. 1704 पासून त्याने 'हजार आणि एक रात्री'चा फ्रेंच अनुवाद छापायला सुरुवात केली. युरोप वेडा झाला. एकामागून एक खंड निघू लागले. पण अडचण अशी की त्याच्याकडे जे जुनं अरबी हस्तलिखित होतं, त्यातल्या रात्री तीनशेच्या आतच संपत होत्या. वाचक मागतायत, प्रकाशक मागतोय, आणि गोष्टी संपल्या! 1709 मध्ये तर प्रकाशकाने त्याला न विचारता दुसऱ्याच कोणाच्या अनुवादातल्या गोष्टी आठव्या खंडात घुसडल्या.

त्याच वर्षी, मार्चमध्ये, एका ओळखीच्या माणसाकडे गालांची एका तरुणाशी गाठ पडली. हन्ना दियाब. (हन्ना म्हटल्यावर मुलगी समजू नका. योहान या नावाचं हे अरबी रूप, पुरुषाचं नाव.) वय विशीच्या आसपास, राहणार सीरियातलं अलेप्पो, धर्माने मॅरोनाइट ख्रिस्ती. आणि त्याला गोष्टी येत होत्या. खूप येत होत्या. त्याने गालांना सोळा गोष्टी सांगितल्या. त्यातल्या दहा छापल्या गेल्या. त्या दहांत अल्लाद्दीन आहे. आणि आपली ही गोष्ट आहे.

गालां रोजची डायरी ठेवायचा. 27 मे 1709 च्या नोंदीत या गोष्टीचा गोषवारा आहे, आणि वर तिचं नाव लिहिलंय. मराठीत सांगायचं तर: मर्जिनाच्या युक्त्या, किंवा एका गुलाम मुलीच्या हुशारीने चाळीस चोरांचा नायनाट.

बघा! पहिलंच नाव तिचं. हुशारीसुद्धा तिची. लाकूडतोड्याचा शीर्षकात पत्ताच नाही. बरं, त्या गोषवाऱ्यात लाकूडतोड्याचं नाव अलिबाबा नाहीच, होजा बाबा आहे. अलिबाबा हे नाव पुढे गालांनी दिलं.

गालां 1715 मध्ये वारला. 1717 मध्ये शेवटचे खंड आले, त्यात ही गोष्ट छापली गेली. शीर्षक झालं: अलिबाबा आणि एका गुलाम मुलीने मारलेले चाळीस चोर, यांची गोष्ट. म्हणजे ती अजून शीर्षकात आहे, पण नाव गेलं. आता ती नुसती 'एक गुलाम मुलगी'. नाव फक्त त्याला.

आणि मग पुढच्या भाषांतरांत, पुढच्या आवृत्त्यांत शीर्षक आणखी आटोपशीर झालं. अलिबाबा आणि चाळीस चोर. ती गेली. नावही गेलं, कामही गेलं.

आमच्याकडे कोडमध्ये कोणी, कधी, काय बदललं याचा इतिहास ठेवतात. या शीर्षकाचा इतिहास तसाच दिसतो. तीन बदल. पहिल्यात तिचं नाव, दुसऱ्यात नुसतं तिचं काम, तिसऱ्यात काहीच नाही. आणि हे कोणी कट करून केलेलं नाही. प्रत्येकाने थोडं थोडं 'सोपं' केलं. पुसलं जाणं बहुतेक वेळा असंच होतं.

ज्याने गोष्ट सांगितली, त्याची गोष्ट

आता मला सगळ्यात जास्त चटका लावून गेलेला भाग.

गालांच्या छापील खंडांत मर्जिनाचं नाव निदान गोष्टीच्या आत तरी आहे. हन्ना दियाबचं नाव कुठेच नाही. प्रस्तावनेत नाही, तळटीपेत नाही. वाचकांना वाटलं, या सगळ्या गोष्टी त्या जुन्या हस्तलिखितातल्याच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, 1888 मध्ये, हर्मान झोटेनबर्ग या अभ्यासकाने गालांच्या डायरीतल्या नोंदी छापल्या, तेव्हा कुठे अभ्यासकांना 'अलेप्पोचा हन्ना' हे नाव कळलं. तरीही तो होता कोण, हे गूढच राहिलं.

मग 1990 च्या दशकात व्हॅटिकनच्या ग्रंथालयातल्या एका अरबी हस्तलिखिताकडे अभ्यासकांचं लक्ष गेलं. सुरुवातीची पानं गहाळ, लेखकाचं नाव गायब. वाचल्यावर उलगडलं की हे हन्ना दियाबचंच आत्मकथन आहे! म्हातारपणी, 1764 च्या सुमारास, म्हणजे पॅरिसच्या प्रवासानंतर पन्नासेक वर्षांनी त्याने ते लिहिलं होतं. 2015 मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद आला, 2021 मध्ये इंग्रजी. म्हणजे तुम्ही-आम्ही मोबाइल वापरायला लागलो त्यानंतर हा माणूस जगाला नीट भेटला.

आणि त्यातून काय कळतं? हन्ना पॅरिसला आला तो नोकर म्हणून. पॉल लुका नावाचा एक फ्रेंच प्रवासी होता. राजासाठी जुनी नाणी, हस्तलिखितं, रत्नं गोळा करत फिरायचा. त्याला अरबी बोलणारा मदतनीस हवा होता. त्याने हन्नाला वचन दिलं: माझ्याबरोबर चल, पॅरिसला राजाच्या ग्रंथालयात तुला अरबी पुस्तकांची नोकरी लावून देतो.

पोरगा निघाला. सायप्रस, इजिप्त, ट्युनिस, इटली, मार्सेय, पॅरिस. लुकाने वाळवंटातले जर्बोआ नावाचे उड्या मारणारे छोटे प्राणी पिंजऱ्यातून आणले होते. व्हर्सायच्या राजवाड्यात चौदाव्या लुईला ते दाखवायला नेले, तेव्हा पिंजऱ्याबरोबर हन्नालाही नेलं. आपल्या देशी पोशाखात. दरबारातल्या लोकांनी प्राणी पाहिले आणि त्यालाही पाहिलं. 1709 चा तो हिवाळा युरोपच्या इतिहासातला अतिशय भयंकर हिवाळा होता, पॅरिसमध्ये माणसं गारठून मरत होती. तेही त्याने लिहून ठेवलंय.

नोकरीचं काय झालं? काही झालं नाही. वचन वचनच राहिलं. शेवटी तो पॅरिस सोडून निघाला, 1710 मध्ये अलेप्पोला पोहोचला आणि पुढे कापडाचा व्यापार करत राहिला.

गालांबद्दल त्याने जेमतेम काही ओळी लिहिल्यात. एक म्हातारा होता, हजार आणि एक रात्रींचं पुस्तक भाषांतरित करत होता, त्याला काही रात्री कमी पडत होत्या, मी मला येत असलेल्या गोष्टी सांगितल्या, तो खूश झाला. इतकंच. तक्रार नाही, दावा नाही.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. एक मुलगी, मालकाच्या घरात राबणारी, सगळं डोकं तिचं आणि नाव मालकाचं. तिची गोष्ट सांगणारा एक तरुण, मालकाच्या मागे अर्धं जग हिंडलेला, सगळ्या गोष्टी त्याच्या आणि नाव दुसऱ्याचं. आपल्याकडे याला सरळ म्हण आहे: आयत्या बिळावर नागोबा.

गालांची बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. डायरीतल्या छोट्याशा गोषवाऱ्यावरून त्याने पूर्ण गोष्ट लिहिली, संवाद घातले, ती वाचनीय केली. ते कष्ट खरेच आहेत. आणि डायरीत त्याने हन्नाचं नाव प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, म्हणून तर आपल्याला आज कळतंय. फक्त ते नाव घरातल्या वहीत राहिलं आणि पुस्तकात आलं नाही.

मर्जिना म्हणजे काय?

तिच्या नावाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अरबीत 'मर्जान' म्हणजे पोवळं. छान नाव आहे ना? पण गुलामांना अशी नावं मालकाने द्यायची रीतच होती. याकूत म्हणजे माणिक. लुलू म्हणजे मोती. काफूर म्हणजे कापूर. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारं सुगंधी द्रव्य. लक्षात येतंय? सगळी बाजारात मिळणाऱ्या महागड्या वस्तूंची नावं.

आणि यातली दोन नावं तुम्ही शाळेत पाठ केलीत. देवगिरीवर चालून आलेला मलिक काफूर. आणि आपला मलिक अंबर. अंबर हे त्याचं जन्माचं नाव नव्हे. इथिओपियात जन्मलेल्या त्या मुलाचं मूळ नाव चापू. तो विकला गेला, पुन्हा विकला गेला, दख्खनमध्ये निजामशाहीच्या पेशव्याने, चंगीझखानाने त्याला विकत घेतलं. पुढे तो स्वतः निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, खडकी वसवली, म्हणजे आजचं संभाजीनगर. इतका मोठा झाला, पण इतिहासात नाव राहिलं ते गुलामाचंच. चापू कोणाला आठवतो?

आणि ही सगळी 'तिकडची' प्रथा असं समजून सुस्कारा टाकू नका. हन्नाने गोष्ट सांगितली त्याच अठराव्या शतकात आपल्याकडच्या पेशवाईच्या कागदांत 'कुणबिणी' आणि 'बटकी' येतात. विकत घेतलेल्या, देणगीत दिलेल्या, घरकामाला जुंपलेल्या बायका. कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेणारा कायदा आला तो 1843 साली. त्यांच्यातही मर्जिना असणारच. त्यांच्या युक्त्या सांगायला कोणी हन्ना मिळाला नाही, एवढाच फरक.

बक्षीस काय मिळालं?

गोष्टीच्या शेवटाकडे या नजरेने पुन्हा बघूया.

तेलाच्या रात्रीनंतर अलिबाबा मर्जिनाला गुलामीतून मुक्त करतो. चांगलं केलं. पण ती कामाला त्याच घरात राहते. खंजिराच्या प्रसंगानंतर तो जाहीर करतो की तिचं लग्न आपल्या मुलाशी. मुलाला विचारलं जातं, मुलगा आनंदाने तयार होतो. मर्जिनाला कोणी विचारत नाही. निदान गालांच्या गोष्टीत तरी नाही.

आणि शेवटचा परिच्छेद. सगळे चोर मेले, गुहा आता याच घराची. अलिबाबा आपल्या मुलाला गुहेपाशी नेतो आणि परवलीचा शब्द शिकवतो. तो शब्द पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालतो. जिने ती संपत्ती वाचवली तिला तो शब्द सांगितल्याचा उल्लेख नाही.

लहानपणापासून ही गोष्ट ऐकतोय. पासवर्ड तिला कोणी दिलाच नाही, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी दिसलं. रोज लोकांना ॲक्सेस द्यायचं-काढायचं काम करतो मी!

आपल्यापर्यंत कशी आली

मराठीत अरबी गोष्टी आणल्या एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी. 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' या नावाने त्या पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. पुढे 1970 च्या दशकात गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजीवरून सोळा खंड मराठीत आणले. एकटीने सोळा खंड! त्यावर कधीतरी वेगळा भाग करायला हवा.

सिनेमाने मात्र शीर्षक पक्कं करून टाकलं. 1956 मध्ये तमिळमध्ये एमजीआर यांचा अलिबाबा आला, 1980 मध्ये भारत आणि सोव्हिएत संघाने मिळून हिंदीत काढला. त्यात हेमा मालिनी मर्जिना होती, पण पोस्टरवर नाव 'अलिबाबा और चालीस चोर'.

अपवाद बंगालचा. 1973 मध्ये तिथे एक चित्रपट आला, संगीत सलील चौधरींचं. नाव: 'मर्जिना आबदाल्ला'. अब्दल्ला कोण? त्याच घरातला दुसरा गुलाम, तिच्या नाचाला डफ वाजवणारा. म्हणजे बंगाल्यांनी शीर्षकातून मालकालाच काढलं आणि दोन्ही नोकरांना घेतलं. मला हे प्रचंड आवडलं.

आणि मी

हा भाग लिहीत असताना मध्येच थांबलो होतो, त्याचं कारण सांगून संपवतो.

काही महिन्यांपूर्वी आमच्या टीममध्ये एक इंटर्न मुलगी होती. रोज तासभर खाणारं एक काम तिने छोट्याशा स्क्रिप्टने दोन मिनिटांवर आणलं. पुढच्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये मी ते दाखवलं. स्लाइडवर माझं नाव होतं, कारण स्लाइड मी बनवली होती. तोंडाने म्हणालो, "आम्ही हे केलंय." आम्ही. कौतुक झालं, ते मी घेतलं. खोटं काही बोललो नाही. फक्त तिचं नाव घ्यायचं राहून गेलं.

27 मे 1709 ची नोंद वाचताना मला ती स्लाइड आठवली. तोपर्यंत या गोष्टीत मी स्वतःला हन्नाच्या बाजूला बसवलं होतं. माझं क्रेडिट कोणी कोणी खाल्लं याची यादी माझ्याकडे तयार होती. पण माझ्या डोक्यात तिचं नाव होतं आणि स्लाइडवर नव्हतं, म्हणजे मी गालां होतो.

मी त्या मीटिंगच्या ग्रुपवर मेल टाकली. स्क्रिप्ट कोणी लिहिली ते नावानिशी लिहिलं. उशीर झाला होता, तिची इंटर्नशिप संपली होती. तिला वेगळा मेसेज केला. उत्तरात अंगठ्याचा इमोजी आला. एवढंच. माफ केलं की नाही ते त्यातून कळत नाही, आणि ते कळायला हवं असा माझा हक्कही नाही.

पुतणीला मात्र फोन करून उत्तर दिलं. सांगितलं की बाई, तुझं बरोबर आहे, गोष्टीचं खरं नाव 'मर्जिनाच्या युक्त्या'. ती म्हणाली, "मग तू चुकीचं का सांगितलंस?"

तर मंडळी, एकच विनंती. पुढच्या वेळी घरातल्या कोणा छोट्याला ही गोष्ट सांगाल तेव्हा सुरुवात अशी करा: ही गोष्ट मर्जिनाची, आणि ती पहिल्यांदा सांगितली अलेप्पोच्या हन्ना दियाबने. फार तर दहा सेकंद लागतील.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!